डाव्या चाकाचा बोल्ट

फुलेवाडी, कोल्हापूर
नवरात्राची दुसरी माळ

श्रीयुत हंबीरराव दाजी, मुक्काम गारगोटी, यांच्या चरणी धाकटा मेव्हणा उदयसिंह याचा दोन्ही हातांनी नमस्कार. (हात दोनदा साबणानं आणि एकदा डिझेलनं धुतले आहेत. तरीही कागदाच्या कोपऱ्याला काळा अंगठा उमटला असेल, तर ते ग्रीस समजावं, वाईट बातमी समजू नये.)

इकडं आम्ही दोघं खुशाल आहोत. अनुजाची पाठ दुखते, पण ती म्हणते की पाठ तिची असली तरी दुखणं माझ्यामुळं आहे, तेव्हा चौकशी दोघांचीही करावी. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? आक्काची साखर कुठवर खाली आली? म्हैस व्यायल्याचं कळलं, आनंद झाला. रेडकू थेट तुमच्या चेहऱ्यावर गेलंय असं आक्का म्हणाली. (कौतुकानं म्हणाली, गैरसमज नको.) आता तुम्ही म्हणाल, ह्या दिवसांत पत्र कोण लिहितं? तर दाजी, फोनवर तुम्ही माझं दुसरं वाक्य संपायच्या आत हसायला लागता आणि तिसऱ्या वाक्याला फोन आक्काच्या हातात देता. घरच्या ग्रुपवर लिहावं, तर तुमचा यशराज बंगळूरहून न वाचताच अंगठा दाखवतो. कागदाचं तसं नाही. कागद मध्येच आक्काकडं दिला तरी ती तो परत तुमच्याकडंच देणार, कारण तिचा चष्मा तुटलाय हे मला माहीत आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचणं तुम्हाला भाग आहे.

मुद्द्यावर येतो. गेल्या दसऱ्याला तुम्ही दोघं आमच्याकडं आलात तेव्हा मी तुम्हाला स्टँडवरून आपल्या गाडीतनं घरी आणलं. रंकाळ्याच्या वळणावर रिक्षा आडवी आली, मी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या आधी ब्रेक ओरडला. नुसता ओरडला नाही, मानपानात साडी कमी आली की वरमाय ओरडते तसा ओरडला. तुम्ही बोललात ते घरी आल्यावर, पानं वाढल्यावर, अनुजाच्या माहेरची वारणानगरची आठ माणसं पंगतीत बसलेली असताना. "मेव्हणं, गाडीला ब्रेक हाय का नुसता हॉर्नच हाय?" सगळी हसली. मीही हसलो. तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं, पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं मी म्हणालो, की ब्रेकचं काम आता मी स्वतःच करणार आहे. त्यावर तुम्ही पोळीवर तूप घेत म्हणालात, "तू? तुझ्या हातात पाना दिला की बोल्ट रडतंय. आणि ते ब्रेक नीट हुईस्तवर मी काय त्या गाडीत बसत न्हाय." आणि खरंच बसला नाहीत. परतीला तुम्ही आक्काला घेऊन रिक्षानं स्टँडवर गेलात. मी त्या रिक्षाच्या मागं मागं गाडी घेऊन स्टँडपर्यंत आलो होतो. तुम्ही ते बघितलं की नाही, ठाऊक नाही.

ह्याला वर्ष होत आलं. ब्रेक तसाच राहिला असता, कारण मी मुळात आळशी, आणि आवाज येतो म्हणून लोक लांबूनच बाजूला होतात, हा त्यातला फायदाच होता. पण पंधरा दिवसांपूर्वी आक्काचा फोन आला आणि ती रडत होती. म्हणाली, "ह्यांनी हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलंय. यंदा खंडेनवमीला पेटी पूजंत मांडायची न्हाय म्हणत्यात. दसरा झाला की भंगारवाल्याला देणार." मी कारण विचारलं, तेव्हा तिनं ते पंपाचं सांगितलं. खालच्या आळीत पाण्याचा पंप दुरुस्त करताना नटावर तुमचा पाना दोनदा घसरला, हात थरथरला, आणि पंपाच्या मालकानं तुमच्या हातातनं पाना काढून घेऊन "राहू द्या तात्या, मिस्त्री बोलावलाय" असं म्हटलं. तुम्ही घरी आलात, जेवला नाहीत आणि पेटीला कुलूप घातलंत. हे आक्कानं मला सांगितलेलं नाही आणि मी तुम्हाला लिहिलेलं नाही. तुमची पेटी, तुमचं कुलूप, तुमचा भंगारवाला. शिरोली एमआयडीसीत अडतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला त्याच्या हत्यारांचं काय करावं हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या कारकुनानं शिकवू नये, एवढी अक्कल मला आहे. तेव्हा पेटीचा विषय इथंच संपला. मी आपलं माझ्यापुरतं ठरवलं, की खंडेनवमीच्या आत ब्रेक नीट करायचा, स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या हत्यारांनी, आणि गाडी घेऊन गारगोटीला तुमच्या दारात उभं राहायचं. मग बघू बसता की नाही.

आता स्वतःची हत्यारं म्हणजे माझ्याकडं काय होतं, तर एक पक्कड, एक वाकडा स्क्रूड्रायव्हर आणि एक बत्ता. (बत्ता अनुजाचा आहे.) म्हणून मोबाइलवर शोधाशोध केली. स्वस्त आणि मस्त असा सॉकेटचा संच पाहिजे होता. सॉकेट म्हणजे तुम्ही ज्याला गोटी म्हणता ती, नटाच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला नुकतंच कळलंय म्हणून लिहिलं. तिथं एकशेआठ नगांचा संच दिसला, किंमत एका बऱ्यापैकी कोल्हापुरी चपलेएवढी. एकशेआठ आकडा बघून मला जपमाळच आठवली, म्हटलं पुण्याचं काम दिसतंय, आणि बटण दाबलं. पेटी आली. अहाहा! काळी प्लास्टिकची, आत प्रत्येक नगाला आपापला खळगा, आणि चकचकाट एवढा की अनुजानं त्यातल्या मोठ्या गोटीत बघून टिकली सरळ केली. मी मोजायला बसलो. नग एकशेआठ भरले, त्यात फसवणूक नाही. पण त्यातले साठ नग म्हणजे पेराएवढे स्क्रूचे तुकडे, कुणाचं टोक चांदणीचं, कुणाचं फुलाचं. असल्या टोकाचा एकही स्क्रू आपल्या गाडीत नाही. मी अर्धा दिवस शोधला. आणखी पंधरा-वीस नग असे, की ते त्याच पेटीतल्या दुसऱ्या नगांना जोडायला लागतात. कामाच्या गोट्या उरल्या पंचवीस-एक, आणि त्यातल्याही निम्म्या खेळण्याएवढ्या.

तरी म्हटलं, सुरुवात तर करू. चाकाचा नट सोडवायला घेतला. रॅचेट म्हणून एक कटकट वाजत फिरणारं दांडकं असतं, ते गोटीत घातलं आणि ओढलं. एकदा कट् झालं, दुसऱ्यांदा कट् झालं, तिसऱ्यांदा आतले दात पडले आणि मी मागच्या मागं, गाडी धुवायला भरून ठेवलेल्या बादलीत बसलो. टेकलो नाही, बसलो. शेजारच्या नाजियाभाभी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मान वळवली आणि मुकाट्यानं आत गेल्या. खानदानी माणसं अशी असतात. नंतर त्यांच्या घरातनं हसण्याचा आवाज आला तो टीव्हीचा असावा. (नाजियाभाभींचे यजमान इमामभाई मेकॅनिक आहेत, उद्यमनगरात त्यांचं गॅरेज आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेजारी मेकॅनिक असताना हा उद्योग कशाला, असं तुम्ही विचाराल. तर पंगतीत "स्वतः करणार" असं आठ माणसांसमोर कोण म्हणालं होतं? इमामभाई नव्हते म्हणाले.) संच परत पाठवला. बादलीला चीर गेली होती, ती कुणी परत घेत नाही.

ह्या प्रकारातनं मी एक शिकलो, की डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. मग कशावर ठेवायचा? दाजी, मी एकतीस वर्षं काट्यावर काढली. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधी मी नुसतं टायरकडं बघून वजन सांगायचो आणि शे-दोनशे किलोपलीकडं कधी चुकलो नाही. म्हटलं, लोखंड घ्यायचं तर वजनावर घ्यायचं, ह्यात तरी आपल्याला कुणी फसवणार नाही. रविवारच्या बाजारात एक जण गोणपाटावर जुनी हत्यारं मांडून बसतो, त्याच्याकडं गेलो. "या पावणं, हात लावून बघा," म्हणाला. मी उकिडवा बसलो आणि एकेक गोटी तळहातावर घेऊन, डोळे मिटून तोलायला लागलो. दोन-चार माणसं थांबली. एका बाईनं विचारलं, "काय बघत्यात, भविष्य?" मी लक्ष दिलं नाही. शेवटी त्यानं एक लाकडी खोका पुढं सरकवला. आत दोन पिढ्यांपूर्वीचा संच, काळा, चकाकीचं नाव नाही, पण वजन! एक गोटी उचलली आणि मनगट खाली गेलं. "फॉरेनचा हाय," तो म्हणाला, "असलं लोखंड आता मिळत न्हाय." ही दोन्ही वाक्यं खरी निघाली, तेव्हा त्या माणसाला मी काही बोल लावत नाही. घासाघीस करून खोका आणला. खांद्यावरनं आणताना खांदा दुखला, त्याचाही आनंदच झाला. गोट्यांवर आकडे होते ते सरळ नव्हते. एकीवर एक भागिले दोन, दुसरीवर सात भागिले सोळा, असं काहीतरी. मला वाटलं जुना माल आहे, दर्जाचे आकडे असतील. (हसू नका. काट्यावरच्या माणसाला किलो, क्विंटल आणि टन एवढीच मापं कळतात. इंचाशी माझा संबंध फक्त पँट शिवताना येतो, आणि तिथंही शिंपी आकडा माझ्या कानात सांगत नाही, अनुजाच्या सांगतो.)

तुम्हाला आत्ताच कळलं असेल. आपल्या गाडीचे बोल्ट सगळे मिलीमीटरचे आणि हा संच इंचातला, जुन्या ऑइल इंजिनांना लागायचा तसला. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की चाक तर त्यातल्या मोठ्या गोटीनं निघालं, आत डाव्या चाकाच्या ब्रेकला दोन बोल्ट आहेत आणि अर्ध्याची गोटी त्यांच्यावर बसते. जराशी सैल बसते, पण चप्पल जराशी सैल असली तरी माणूस चालतोच की! वरचा बोल्ट सुटला. अनुजाला हाक मारून दाखवला. मग खालच्यावर गोटी ठेवली, दांड्याला लांब पाईप जोडला (हे तुमचंच बघून शिकलो होतो, फक्त गोटी कुठली घेता ते बघायचं राहिलं होतं) आणि अंगातलं सगळं बळ काढून ओढलं. पाईप फिरला, दांडा फिरला, गोटी फिरली, मीही अर्धा फिरलो. बोल्ट तेवढा जागचा हलला नाही. गोटी काढून बघितली तर बोल्टाच्या डोक्याचे सहाही कोपरे गेलेले, डोकं सुपारीसारखं गुळगुळीत. ह्याबाबतीत मी एवढंच नमूद करतो, की तो रडला वगैरे काही नाही. गुळगुळीत झाला. रडणं वेगळं. त्या बोल्टाचं काय करायचं ते मी बघून घेईन.

शेवटी मान खाली घालून इमामभाईंच्या दारात गेलो. ते हसले नाहीत. (आधीच हसून झालं असावं.) त्यांनी प्लास्टिकच्या संचाची हकीकत ऐकली, लाकडी खोका उघडून बघितला आणि शांतपणे विचारलं, "उदयराव, हत्यारं घेताय का बटाटं? एकदा नग मोजून, एकदा वजनावर." मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. घरच्या गाडीला पाच गोट्या पुरतात: दहा, बारा, चौदा, सतरा, एकोणीस. आतनं सहा कोनांची घ्यायची. बारा कोनांची बोल्टावर पटकन बसते, पण बोल्ट जुना असला की कोपरे खाते. रॅचेट एकच, पण बरं. आणि एक साधा टी-पाना. अडकलेला बोल्ट टी-पान्यानं सोडवायचा आणि मग रॅचेटनं फिरवत काढायचा. रॅचेटवर लोंबकळायचं नाही. एवढं सांगून ते माझ्याबरोबर अंगणात आले, डाव्या चाकाशी वाकून बघितलं आणि त्या बोल्टाबद्दलही काहीतरी म्हणाले, ते मी नीट ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेलो. दुकानदारानं तीन प्रतींचा माल काढला: एक महाग, एक मध्यम, आणि एक "ही तुम्ही घेऊ नका" अशी. आता मध्यममधली तरी बरी कुठली हे कसं ओळखायचं? नग मोजून झाले होते, वजन करून झालं होतं. तिथं काउंटरवर उभा असताना, दाजी, मला तुमची पद्धत आठवली. आक्काच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही मला उन्हाळ्याच्या सुट्टीत गारगोटीला बाजारात नेलं होतं. नवी गोटी घेतलीत, खिशातनं बोल्ट काढलात, त्यावर गोटी ठेवून कानाशी नेलीत आणि हलवलीत. म्हणालात, "बोलली तर घ्यायची न्हाय. गप बसली तर घ्यायची." (आक्काला पसंत करताना तुम्ही हा नियम लावला नव्हता, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं.) मी दुकानदाराकडनं बाराचा बोल्ट मागून घेतला आणि एकेक गोटी कानाशी नेऊन हलवली. पहिली बोलली. दुसरी बडबडली. तिसरी गप्प बसली, ती घेतली. मग बाकीच्या मापांचे बोल्ट मागून अशा पाचही घेतल्या. दुकानदार बघत होता. म्हणाला, "ही जुन्या मिस्त्र्यांची पद्धत. आता कोण करत न्हाय. कुठं शिकलासा?" मी म्हटलं, "आमच्या दाजींकडं." सांगताना छाती जरा पुढं आली, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. पाच गोट्या, रॅचेट, टी-पाना, सगळं मिळून त्या एकशेआठ नगांपेक्षा स्वस्तात पडलं.

आणि उजव्या चाकाचं काम मी एका सकाळी केलं. चहा झाल्यावर बसलो, ऊन तापायच्या आत उठलो. बाराची गोटी बोल्टावर ठेवली, गप्प बसली. टी-पाना धरला, ओढला, आणि टक् असा एवढासा आवाज होऊन बोल्ट सुटला. दाजी, खोटं कशाला सांगू, मला गहिवरून आलं. एकतीस वर्षांत लाखो टन ऊस मोजला, पण तो दुसऱ्यानं पिकवलेला, दुसऱ्यानं तोडलेला, तिसऱ्यानं गाळायचा. माझ्या हातानं काही सुटलं आणि माझ्याच हातानं परत बसलं, असं जन्मात पहिल्यांदा झालं. नवे पॅड घातले, बोल्ट परत आवळले, चाक हातानं फिरवून बघितलं. आवाज नाही. मी तिथंच जमिनीवर बसून राहिलो. तुम्हाला हे रोज मिळत होतं? अडतीस वर्षं? आणि तुम्ही घरी येऊन नुसतं "काय न्हाय, एक मशीन चालू केलं" एवढंच म्हणायचा!

काल अनुजानं पाट काढून पुसला आणि खंडेनवमीची जागा बघून ठेवली. दरवर्षी आमच्या पूजेत काय असतं, तर विळी, कात्री, गाडीची किल्ली आणि माझं पेन. यंदा म्हटलं हत्यारं मांडू. पाच गोट्या, रॅचेट आणि टी-पाना मांडून बघितलं, तर पाटाचा एक कोपरा भरला आणि बाकी पाट रिकामाच. तुमच्याकडची पूजा डोळ्यांसमोर आली. आक्कानं जुन्या लुगड्याची शिवलेली ती लांबलचक गुंडाळी, एकेका पान्याला एकेक कप्पा, कप्प्यावर दोऱ्यानं काढलेला आकडा. बाराच्या कप्प्याला तीन ठिगळं आहेत, मी मोजली आहेत. काम झालं की पाना पुसायचा, त्याच्या कप्प्यात घालायचा आणि मगच चहाला हात लावायचा. चहा निवला तरी तुम्हाला चालायचं, आक्काला चालायचं नाही. भंगारवाला ती गुंडाळी काही नेणार नाही, त्याला कापडाचा उपयोग नसतो. आणि पेटीचं म्हणाल तर ती बत्तीस किलोची आहे (एकदा तुम्ही घरात नसताना उचलून बघितली होती, माफी असावी). भंगारवाल्याच्या काट्यावर ती अठ्ठावीस भरेल. तुम्ही अडतीस वर्षं वापरलेली वस्तू असल्या काट्यावर चढलेली मला बघवणार नाही. पण पेटीचा विषय वर संपला आहे, तेव्हा तो मी परत काढत नाही.

बाकी सगळं ठीक. आक्काला माझा नमस्कार सांगावा, रेडकाच्या कपाळावरनं माझ्या वतीनं हात फिरवावा. लिहिण्यात काही जास्त बोललो असेन तर मेव्हण्याचा हक्क समजावा, कमी बोललो असेन तर ते आक्का फोनवर भरून काढील.

आपला आज्ञेतला (आणि उजव्या चाकापुरता तरी फिटर),
उदयसिंह

ता. क. : आक्काला सांगा, घटावर बांधायला अनुजानं कडाकण्या केल्या, पण त्या मऊ पडल्या. आक्कासारख्या खुटखुटीत कडाकण्या इकडं कुणाला जमत नाहीत. एक डबा मिळाला तर बरं होईल. एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं असं समजलात तरी चालेल.

आणखी ता. क. : वर मी गाडी घेऊन तुमच्या दारात उभा राहीन असं लिहिलंय, त्यात थोडी अडचण आहे. गाडी उभी आहे, पण माझ्याच दारात, डाव्या बाजूनं ओंडक्यावर. चाक भिंतीला टेकवून ठेवलंय. तो बोल्ट निघत नाही. तेल सोडलं, छिन्नी लावली, एकदा हात जोडले, एकदा शिवी दिली. अडला हरी म्हणतात तसं झालंय. (म्हणीचा उरलेला भाग तुम्ही वडीलधारे असल्यामुळं लिहीत नाही.) तुमच्या पेटीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एक काळी गोटी आहे, तुम्ही स्वतः कानशीनं घासून आतनं दाते पाडलेली, गुळगुळीत डोक्यावर ठोकून बसवली की बोल्ट धरते. मला ती पाहिजे. पण ती एकटी पोस्टानं पाठवू नका, हरवेल. पेटीतनं वेगळीही काढू नका, बाकीच्यांना करमायचं नाही. तेव्हा पेटी घेऊन अष्टमीच्या दुपारपर्यंत या. आक्काला आणा. हाताचं म्हणाल, तर आक्कानं मला काही सांगितलेलं नाही, पण माझे दोन हात इथं रिकामेच आहेत. गोटी मी धरतो, ठोकतोही मीच. कुठं ठोकायचं आणि किती, ते तुम्ही सांगा, आणि चुकलो की आठ माणसांसमोर बोला. स्टँडवर मी रिक्षा घेऊन येतो. गाडीत बसायचा प्रश्नच नाही, म्हणजे तुमचा शब्दही राहील.

आणि हे माझं, अनुजाचं : दाजी, नमस्कार. पाकीट आणायला हे कोपऱ्यावर गेल्यात तेवढ्यात लिहिते. वन्संना सांगा, पाटावर मी जागा मोकळी सोडल्या, पेटीच्या मापाची. आणि बोल्टाचं ह्यांनी लिवलंय त्यातलं निम्मंच खरं हाय. इमामभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं, पाच मिनटाचं काम हाय, त्याची गोटी माझ्याकडं बी हाय. ह्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काल इमामभाई गोटी आणि हातोडा घेऊनच आले. तर ह्यांनी काय करावं? घरातनं खुर्ची आणली, डाव्या चाकाच्या जागेपुढं वाट अडवून मांडली आणि तिच्यात बसले. म्हणाले, "इमामभाई, गाडीतलं दुसरं काय बी काढा. ह्यो बोल्ट आमच्या दाजींचा हाय." इमामभाई हसत परत गेले. खुर्ची अजून तिथंच हाय, आणि आज सकाळचा चहा बी ह्यांनी तिथंच घेतला. ह्यांना उठवायला तरी या.